सिनेमा येईल तेव्हा येईल, आधी झूम करा

ऐतिहासिक सिनेमाचं पहिलं पोस्टर आलं की सिनेमाची वाट बघत बसू नका. तो येईल वर्षा-दोन वर्षांनी, लोक बघतीलही. आपलं काम आज सकाळी सुरू झालंय. दोन बोटं स्क्रीनवर ठेवा, फाकवा आणि नायकाचा चेहरा सोडून बाकी सगळीकडे फिरून या. चेहऱ्यात काय ठेवलंय? माल कोपऱ्यात असतो.

2022 च्या डिसेंबरात अक्षय कुमार शिवरायांच्या वेशात चालत येतानाची झलक आली. ज्यांनी अक्षय कुमारकडे बघितलं ते फसले. ज्यांनी मागच्या झुंबराकडे बघितलं त्यांना त्यात विजेचे दिवे दिसले. महाराज गेले 1680 मध्ये, एडिसनचा दिवा लागला 1879 मध्ये. दोनशे वर्षांचा अंधार एका स्क्रीनशॉटने उजळला! वाईट एवढंच की त्या दिवशी आपलं खरोखर बरोबर होतं. एकदा बरोबर निघालं की माणसाला चटक लागते. तेव्हापासून प्रत्येक मशालीची वायर शोधणारी पिढी तयार झाली आहे. तुम्ही तीत नसाल तर मागे राहाल.

आता कपडेपट. इथे धोरण सोपं आहे. कपडे कोरे दिसले तर म्हणा, 'शाळेच्या गॅदरिंगमधून आणलेत.' मळवून, विटवून जुने केलेले दिसले तर म्हणा, 'आमचे सरदार काय भिकारी होते?' या दोन्हींच्या मधला कपडा अजून कुठल्या शिंप्याने शिवलेला नाही, त्यामुळे काळजी नको. अधूनमधून 'भानू अथय्या असत्या तर...' असं अर्धवट वाक्य टाकून सुस्कारा सोडा. कोल्हापूरच्या बाईंना 'गांधी'साठी ऑस्कर मिळालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्या वेशभूषा कशा करायच्या हे कुणाला नसतं, म्हणून पुढे कुणी विचारत नाही.

जिरेटोपावर मात्र ठाम राहा. एखादा वाचलेला माणूस मध्येच म्हणेल की समकालीन चित्रांत महाराजांच्या डोक्यावर तुरा लावलेली पगडी दिसते. त्याला विचारा, 'तू होतास का तिथे?' तो नव्हता. झालं. (इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये महाराजांचं अस्सल चित्र उजेडात आणलं. त्याआधी कित्येक वर्षं इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. आपल्या पणजोबांनी रोज सकाळी नेमका कुणाला नमस्कार केला, हा विषय या वादात काढू नका.)

कास्टिंगला फार अभ्यास लागत नाही, दोन वाक्यं पाठ हवीत. मराठी नट घेतला तर 'बजेट संपलं वाटतं.' हिंदीतला घेतला तर 'मराठीतले नट मेले का?' दक्षिणेतली नटी आली तर वाक्यसुद्धा नको, तिचे उच्चार कापून दहा सेकंदांची क्लिप फिरवा. 'छावा'च्या ट्रेलरमध्ये येसूबाई झालेल्या रश्मिका मंदानाच्या वाट्याला हे भरपूर आलं. मात्र समोर कुणी तमिळ माणूस नाही ना, हे आधी बघून घ्या. गणेशन नावाच्या त्यांच्या एका पोराने नाटकात शिवाजी महाराज असे उभे केले की द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी त्याचं नावच 'शिवाजी' ठेवलं आणि तो मरेपर्यंत शिवाजी गणेशन राहिला. आपल्याकडे महाराजांची भूमिका केल्यावर नटाला नाव मिळत नाही, नावं ठेवली जातात.

दादासाहेब फाळके नशीबवान. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांनी तारामती म्हणून अण्णा साळुंके या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला उभं केलं. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढायचे म्हणे. फर्स्ट लूक नव्हता म्हणून निभावलं. आज असता तर सीतेचे दंड झूम करून गोल लाल वर्तुळात फिरले असते आणि रामायण तिथेच संपलं असतं.

संगीताला गाणं ऐकावंच लागतं असं नाही. संगीतकाराचं नाव जाहीर झालं की पुरे. रहमान असेल तर 'मातीचा वास नाही.' दुसरं कुणी असेल तर 'अजय-अतुल हवे होते.' आणि अजय-अतुलच असले तर घाबरू नका, 'ते आता पूर्वीचे राहिले नाहीत.' तुतारी नसेल तर ओरडा, असेल तर जांभई द्या. अस्सल मराठमोळ्या बाजाची मागणी करताना पेटी हवीच असं म्हणा. ती 19 व्या शतकात युरोपातून आली, पण ती झुंबरातल्या दिव्यासारखी दिसत नाही ना, मग चालतं.

नाचाचं मात्र गंभीर आहे. ऐतिहासिक व्यक्तीने तलवार चालवावी, प्रतिज्ञा करावी, क्षितिजाकडे बघावं. हसायचंच असेल तर एका बाजूने. 2015 मध्ये 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालायला लागल्या आणि सिनेमा लागायच्या आधीच पुण्यात निषेध सुरू झाले. पुढे जानेवारी 2025 मध्ये 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले. पुन्हा गदारोळ. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटले, दृश्य काढायचं ठरलं आणि 14 फेब्रुवारीला सिनेमा लेझमीशिवाय लागला. इथे एक बारकावा नीट समजून घ्या, कारण लोक गोंधळतात. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा शिवजयंतीला महाराजांच्या पुतळ्यासमोर आपण लेझीम खेळतो, ती संस्कृती. तीच लेझीम राजाच्या हातात दिसली की तो अपमान. म्हणजे लेझीम चांगली, राजे चांगले, दोघांना फक्त एका फ्रेममध्ये आणू नका. हे ज्याला पटत नाही त्याने आधी इतिहास वाचावा. कुठला, ते विचारू नये.

एवढं सगळं पार पाडल्यावर सिनेमा लागतोच. तिकीट काढून जा, नाही म्हणू नका, इतरांआधी बोलता येईल असा शुक्रवारचा पहिला खेळ धरा. थिएटरात एकच अडचण आहे, पडदा झूम होत नाही. दोन बोटं हवेत फाकवून बघाल, काही होणार नाही. मग नाइलाजाने अख्खं चित्र बघावं लागतं, माणसं काय बोलतात ते ऐकावं लागतं. शेवटाकडे शेजारच्या खुर्चीवरच्या आजी पदर डोळ्यांना लावतील. हीच वेळ. हळूच वाका आणि विचारा, 'आजी, पण राणीची नथ बघितलीत का? त्या काळातली वाटत नाही.'

आजी 'श्श' म्हणतील.