‘लघवी अडकली तरी घाबरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वर हिरवे टिक, खाली हात जोडलेले इमोजी आणि मथळा ‘कंबरदुखीवर शंभर टक्के इलाज, ॲक्युपंक्चर’. मजकूर थोडक्यात असा: ही सुया टोचायची विद्या आपल्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून शिकून भारतात आणली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, अमेरिकेत तर सरकार पैसे भरतं. दहा सिटिंगमध्ये दोन मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर. एमआरआय काढू नका, ते कट प्रॅक्टिसचं जाळं आहे. गोळ्या आजच बंद करा, किडनी जाते. उपचार चालू असताना पायाला मुंग्या आल्या, पाय जड झाला, लघवी अडकली तरी घाबरून डॉक्टरकडे धावू नका, अडकलेली ऊर्जा मोकळी होतेय. साइड इफेक्ट शून्य. आलेला मेसेज दहा जणांना पाठवा.

काळाचौकीच्या माझ्या मावशीने तो दहा जणांना पाठवलाच, वर अमलातही आणला. गोळ्या बंद केल्या, दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरलं, त्यावर कमरपट्टा ‘फ्री’ मिळाला म्हणून खूश. पोटरीपासून अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या तेव्हा म्हणाली, “अरे, तसंच व्हायला पाहिजे. मेसेजमध्ये लिहिलंय की.” तिची एक शीर दबली होती, फार मोठं काही निघालं नाही. पण तिथे सुई टोचणाऱ्याने तिला लघवीबद्दल, तापाबद्दल, वजनाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

म्हणून आधी लघवीचंच घेतो. बाकीचं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर माणूस कायमचा अधू होईल. मणक्यांच्या पोकळीत खाली मज्जातंतूंचा एक जुडगा असतो. मोठी गादी बाहेर येऊन त्याच्यावर दाब पडला की लघवी तुंबते, किंवा कधी झाली ते कळत नाही. बसायच्या जागेची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची जाणीव जाते, पाय लुळे पडायला लागतात. याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. यात तातडीने एमआरआय काढतात आणि बहुतेक वेळा तातडीनेच ऑपरेशन करतात, कारण उशीर झाला तर लघवीवरचा ताबा परत येईलच याची खात्री नसते. अशा वेळी केईएम, सायन, नायर, कूपर, जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल त्याची कॅज्युअल्टी गाठायची. मध्यरात्र असली तरी. आणि हा मेसेज सांगतो, घरी बसा, ऊर्जा मोकळी होतेय! ज्याने कोणी हे लिहिलंय त्याला ॲक्युपंक्चरही येत नसणार. नीट शिकलेला माणूस असं लिहिणार नाही.

दुसरी भीती आपल्याकडे खास आहे: मणक्याचा टीबी. टीबी फुप्फुसातच होतो असं समजणारे अजून पुष्कळ आहेत. पाठ दुखते, रात्री जास्त दुखते, वजन उतरतं, संध्याकाळी कणकण असते. कधी ताप नसतोही, नुसतीच पाठ. वेळेवर कळलं तर महिनोन्‌महिने गोळ्या घेऊन बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. ‘एमआरआय काढू नका’ ऐकून सहा महिने सुया टोचून घेतल्या तर तेवढ्यात मणका खचू शकतो.

आता एमआरआयबद्दल त्या मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. साध्या कंबरदुखीत ऊठसूट एमआरआय काढायची गरज नसते. २०१५ मध्ये एका पाहणीत, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांचे स्कॅन तपासलेले अभ्यास एकत्र केले. पन्नाशीच्या धडधाकट माणसांपैकी सुमारे ६० टक्क्यांची गादी फुगलेली होती. म्हणजे रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ आलं म्हणून दुखणं त्यामुळेच, असं नाही. पण मग त्याच हिशेबाने ‘गादी जागेवर बसवली’ हा दावाही गेला ना? केसाएवढी सुई चामडीखाली थोडी जाते. ती गादी ढकलत नाही.

मूळ प्रश्न, सुयांनी कंबर बरी होते का? इथे मेसेज सोडा, अमेरिकेतला २००९ चा एक प्रयोग बघा. जुनी कंबरदुखी असलेली ६३८ माणसं, चार गट. पहिल्याला तपासून खास त्याच्यासाठी निवडलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला सगळ्यांना सारख्याच ठरावीक बिंदूंवर. चौथ्याचे नेहमीचे उपचार चालू. तिसरा गट गमतीचा. पालथं झोपवायचं, सुईची बारीक नळी त्वचेवर टेकवायची, आणि आत सुईऐवजी टूथपिक! दात कोरायची काडी. हलकेच टिचकी मारून जराशी फिरवायची की रुग्णाला वाटावं, टोचली. अधूनमधून काडी पुन्हा टेकवून फिरवायची. शेवटी कापसाचा बोळा दाबून सुई उपसल्याचा अभिनय. हे सगळं करणारे अनुभवी ॲक्युपंक्चरवाले होते, एकेका रुग्णाच्या दहा बैठका झाल्या.

आठ आठवड्यांनी सुयांच्या दोन्ही गटांत आणि टूथपिकच्या गटात मिळून ६० टक्के लोकांचं हिंडणं-फिरणं लक्षणीय सुधारलं. नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. सुई आणि टूथपिकमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. खास निवडलेल्या आणि ठरावीक बिंदूंतही नाही.

यावर ॲक्युपंक्चरवाले म्हणतात, काडीनेही बिंदू दाबला जातोच. ठीक. जर्मनीत २००७ साली ११६२ रुग्णांचा प्रयोग छापून आला. त्यात खोट्या गटाला सुया मुद्दाम बिंदू सोडून आणि वरवर टोचल्या होत्या. सहा महिन्यांनी फायदा झालेले: खऱ्या सुयांत ४७.६ टक्के, खोट्यात ४४.२, नेहमीच्या उपचारांत २७.४. मग ती नाडी बघणं, भिंतीवरच्या चित्रातला तो बिंदू-रेषांनी भरलेला माणूस, ते कशासाठी?

दुसरीकडे, ‘सगळं थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांनाही हे आकडे अडचणीचे आहेत. माणसांना बरं वाटलं हे खरं. कोणी वेळ देतं, अंगाला हात लावतं, अर्धा तास शांत पडायला मिळतं. आठच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून आलेल्या कंबरेला तेवढ्यानेही फरक पडत असेल. शिवाय कंबरदुखीला भरती-ओहोटी असते. लहानपणी आमच्या चाळीत कोणाला उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस शोधून आणायचे. त्याने कंबरेला पाय लावला की चार दिवसांत माणूस चालायचा. पाय नसता लावला तरी पाचव्या दिवशी चालला असता, पण श्रेय पायाचं.

उरलेलं पटापट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सुयांचं नाव आहे, पण ‘सशर्त’, आणि व्यायामाच्या रांगेत. त्याच कागदात कमरपट्टे आणि वजन लावणं (ट्रॅक्शन) यांची शिफारस करू नका असंही लिहिलंय. मावशीचा फ्री पट्टा गेला. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये सुया चालतील म्हटलं आणि २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी देऊ नका म्हटलं. तो मेसेज इंग्लंडचं नाव का घेत नाही ते यावरून समजा.

कोटणीस. सोलापूरचा हा माणूस मुंबईत जी. एस. मेडिकलला शिकला, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. परत आलाच नाही, तर आणेल काय? ॲक्युपंक्चर शिकून आले ते त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू, कलकत्त्याचे. मराठी ग्रुपवर बसू चालले नसते, म्हणून कोटणीस.

गोळ्या: डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षं खाल्ल्या तर किडनीला धोका, हे खरं. पण मावशीने दुखण्याच्या गोळीबरोबर बीपीचीही बंद केली होती! मेसेजमध्ये ‘गोळ्या’ एवढंच लिहिलंय ना. साइड इफेक्ट शून्य हेही खोटं. क्वचितच, पण छातीजवळ सुई खोल जाऊन फुप्फुसाला भोक पडल्याच्या नोंदी आहेत, आणि सुया पुन्हा वापरल्या तर कावीळ लागू शकते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का ते बघा.

आणि अमेरिकन सरकार पैसे भरतं ते कसं, तेही सांगतो. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत जानेवारी २०२० पासून. दुखणं किमान १२ आठवडे जुनं हवं, आणि त्यामागे कॅन्सर किंवा जंतुसंसर्गासारखं कारण नाही हे ठरलेलं हवं. म्हणजे आधी डॉक्टर, मग सुई. ९० दिवसांत १२ सिटिंग. सुधारणा दिसली तर आणखी ८, नाही दिसली तर बंद. मावशीच्या पॅकेजमध्ये सुधारणा दिसली नाही तर काय, याचं कलम नव्हतं. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मागितले, तर म्हणाले, तुमच्या नावावर दुसरं कोणी येऊ शकतं.