पाया तीनदा घातला, चित्रं मात्र गेली ती गेलीच

लेक-जावई युटामध्ये असतात त्यामुळे सॉल्ट लेक सिटीला माझ्या दोन चकरा झाल्यात, आणि दोन्ही वेळा मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचं ते जगप्रसिद्ध टेम्पल बघायला म्हणून गेलो आणि बघितलं काय तर परांची, क्रेन आणि भलामोठा खड्डा. जावई ओशाळला बिचारा, म्हणाला बाबा सॉरी, पुढच्या वेळी बघू. त्याला काय सांगू, मी जन्मभर सिव्हिलची कामं केलेला माणूस, मला तो खड्डाच बघायचा होता. दुसऱ्या वेळी तर पत्र्याच्या कुंपणाशी पाऊण तास उभा होतो, शेवटी लेकीने हाताला धरून कॉफी प्यायला नेलं (आणि हो, मॉर्मन लोकांना कॉफी आणि चहा दोन्ही वर्ज्य, तरी शहरात कॉफी झकास मिळते).

आधी एक खुलासा. या मंडळींना आता मॉर्मन म्हटलेलं आवडत नाही, २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की पूर्ण नाव घ्या, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. एवढं लांब नाव दर ओळीला टाईप करायला माझी बोटं तयार नाहीत, त्यामुळे मॉर्मन लिहितो, राग नसावा.

तर गोष्ट अशी. हे लोक पूर्वेकडून मार खात खात आलेले. ओहायोत कर्टलंडला १८३६ मध्ये एक टेम्पल बांधलं, ते सोडावं लागलं. इलिनॉयमध्ये नॉवूला दुसरं बांधलं, तिथूनही हाकलले गेले, मागे राहिलेल्या टेम्पलला कुणीतरी आग लावली आणि उरलेल्या भिंती वावटळीने पाडल्या. मग ब्रिगहॅम यंग नावाचा त्यांचा पुढारी सगळ्यांना घेऊन डोंगर ओलांडून या ओसाड खोऱ्यात आला, तारीख २४ जुलै १८४७, आणि चारच दिवसांनी, म्हणजे राहायला धड छप्पर नाही, खायची भ्रांत, अशात हा गडी म्हणतो की टेम्पल इथे होणार. मला याचं कौतुकही वाटतं आणि थोडं हसूही येतं.

१८५३ च्या ६ एप्रिलला कोनशिला बसली, पाया भरायला सुरुवात झाली. आणि मग १८५७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य पाठवलं, कारण यंग तिथे स्वतःचं राज्यच चालवतोय असा वॉशिंग्टनचा समज होता, आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही. सैन्य येतंय म्हटल्यावर या लोकांनी काय केलं? सगळा पाया मातीखाली गाडला आणि वरून नांगरलेल्या शेतासारखं दिसेल असं करून टाकलं! लोक घरंदारं सोडून दक्षिणेला गेले, घरांमध्ये गवत रचून ठेवलं, वेळ आलीच तर पेटवून द्यायला. १८५८ च्या जूनमध्ये सैन्य त्या रिकाम्या शहरातून चालत गेलं, कुणाला हात लावला नाही, लांब जाऊन तळ ठोकला.

मला गंमत पुढची वाटते. काही वर्षांनी पाया परत उकरला तेव्हा दगडाला तडे गेलेले दिसले. आता इथे कुणीही, म्हणजे मी सुद्धा, कॉन्ट्रॅक्टरला म्हटलं असतं जरा चुना भर आणि पुढे चल. यंगने कच्चा दगड काढून टाकायला लावला आणि पाया ग्रॅनाइटमध्ये नव्याने घातला. त्याचं म्हणणं, हे हजार वर्षं उभं राहायला हवं. म्हणजे कोनशिलेनंतर जवळपास दहा वर्षांनी काम परत शून्यावर.

तो ग्रॅनाइट यायचा साधारण २० मैलांवरच्या लिटल कॉटनवुड कॅन्यनमधून. भूगर्भवाले म्हणतात तो खरा ग्रॅनाइट नाही, क्वार्ट्झ मॉन्झोनाइट आहे, म्हणू देत. पाथरवट हाताने ओळीत भोकं पाडायचे, त्यात पाचर ठोकायची आणि दगड फोडायचा, आपल्याकडे वडार मंडळी करतात तसंच. मग बैलगाडी, एका फेरीला तीन-चार दिवस. १८७३ च्या सुमारास खाणीपर्यंत रेल्वे पोचली तेव्हा कुठे बैल सुटले. जॉन मॉइल नावाच्या एका पाथरवटाची गोष्ट तिथे सगळे सांगतात, की दर आठवड्याला २२ मैल चालत कामावर यायचा, गाईने लाथ मारून पाय मोडला, तो कापावा लागला, तर स्वतःच लाकडाचा पाय तासला आणि परत चालत कामावर हजर. त्यात घरच्यांनी रंगवलेलं किती ते देव जाणे, पण अशा गोष्टी खोट्या असल्या तरी कुणाच्या बाबतीत सांगितल्या जातात ते बघा, आर्किटेक्टच्या नाही, पाथरवटाच्या.

आर्किटेक्ट ट्रुमन एंजल, मूळचा सुतार, यंगचा मेव्हणा. १८८७ मध्ये गेला, काम अपुरंच. यंग तर १८७७ मध्येच गेला होता. शेवट केला यंगचा मुलगा डॉन कार्लोस यंग याने. १८९२ च्या ६ एप्रिलला कळसाचा दगड बसला आणि त्याच दिवशी मधल्या मनोऱ्यावर मोरोनाय नावाच्या देवदूताचा पुतळा चढला, साडेबारा फुटी, तांब्याचा आणि वर सोन्याचा वर्ख. तो घडवणारा सायरस डॅलिन स्वतः मॉर्मन नव्हता बरं का. बरोबर एका वर्षाने, ६ एप्रिल १८९३ ला, उद्घाटन. ४० वर्षं! युटामध्ये सगळ्यात आधी सुरू केलेलं हे टेम्पल आणि मधल्या काळात तिथेच सेंट जॉर्ज, लोगन, मँटाय अशी तीन टेम्पलं बांधून वापरात पण आली.

बाहेरून बघाल तर किल्ला वाटतो. पूर्वेला तीन मनोरे, पश्चिमेला तीन, पूर्वेचे उंच, कारण त्यांच्या दोन पुरोहितपदांपैकी वरचं पद पूर्वेचं. उंची २१० फूट. भिंतीवर खालून वर पृथ्वी, चंद्र, सूर्य, तारे असे कोरलेले दगड, आणि पश्चिमेच्या मनोऱ्यावर चक्क सप्तर्षी, त्याचे टोकाचे तारे ध्रुवाकडे रोखलेले. भिंती तळाला ९ फूट जाड, वर ६ फूट.

आता या ९ फुटांबद्दल. जाड भिंत म्हणजे मजबूत हा आपल्या सगळ्यांचा गोड गैरसमज, माझाही होता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत. किल्लारीला गेलो होतो मी नंतर कामानिमित्त. जाडजूड दगडी भिंतींनीच माणसं मारली तिथे. वजन जेवढं जास्त तेवढा भूकंपाचा धक्का जास्त, आणि दगडाला दगड धरून ठेवणारं काही नसेल तर भिंत आतून सुटते. सॉल्ट लेक शहर तर भूगर्भातल्या भेगेच्या कडेलाच वसलंय. २०१९ च्या डिसेंबरअखेर टेम्पल दुरुस्तीसाठी बंद केलं आणि तीन महिने होतायत न होतायत तोच, १८ मार्च २०२० ला, ५.७ चा भूकंप! मोरोनायच्या हातातली तुतारी खाली पडली. देवदूताने स्वतःच एस्टिमेट मंजूर करून दिलं म्हणायचं.

मग इंजिनिअर खाली उतरले आणि त्यांना काय दिसलं, तर यंगने एवढ्या हट्टाने दुसऱ्यांदा घातलेल्या पायातही दगडांच्या मधे पोकळ्या, काही ठिकाणी बांधकाम सुटत चाललेलं. त्यामुळे आता तिसऱ्यांदा पाया. सगळी इमारत तोलून धरायची, खालून टप्प्याटप्प्याने नवा पाया सरकवायचा आणि मधे ९८ बेस आयसोलेटर बसवायचे. आयसोलेटर म्हणजे सोप्या भाषेत, जमीन हलली तरी ती हालचाल वर इमारतीपर्यंत पोचू द्यायची नाही. आपल्या भुजच्या हॉस्पिटलला २००१ नंतर हीच पद्धत वापरली. फरक एवढाच की ते नवीन बांधलं आणि हे सव्वाशे वर्षांचं ओझं डोक्यावर घेऊन. ७.३ पर्यंतचा भूकंप सोसेल असं म्हणतात. साष्टांग नमस्कार घालावा असं काम आहे, मी कुंपणाशी उभा राहून मनातल्या मनात घातला.

पण मला खरं बोलायचंय ते आतल्या चित्रांबद्दल, ज्यामुळे ही पोस्ट लिहायला घेतली.

या टेम्पलमध्ये रविवारची प्रार्थना होत नाही, त्याला वेगळी साधी चर्च असतात, रविवारी टेम्पल बंद. इथे होतात विधी. उपास्य मूर्ती नाही. लोक पांढरे कपडे घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे, विश्वाची उत्पत्ती, मग ईडनची बाग, मग जग, आणि भिंतीवर त्या त्या जागेची चित्रं, प्रत्यक्ष माणसं संवाद म्हणायची. म्हणजे इमारतच कथा सांगायची, तुम्ही पायाने चालत ती ऐकायची. ही चित्रं काढता यावीत म्हणून १८९० मध्ये चर्चने आपल्या खर्चाने हाफेन, प्रॅट, फेअरबँक्स वगैरे चित्रकारांना पॅरिसला शिकायला पाठवलं होतं. विचार करा, कर्जबाजारी चर्च, बहुपत्नीत्वावरून सरकारने मालमत्ता जप्त केलेली, त्याच वर्षी बहुपत्नीत्व सोडतो असं जाहीर करावं लागलं, आणि हे भिंतीवरच्या झाडांसाठी पोरांना पॅरिसला पाठवतायत!

ती चित्रं २०२१ मध्ये काढून टाकली. मार्चमध्ये जाहीर केलं की आता विधी फिल्मवर दाखवणार, एकाच खोलीत बसून, म्हणजे जास्त लोकांना आणि जास्त भाषांत करता येईल. चित्रांचे फोटो काढून ठेवलेत म्हणे. फोटो! मँटायच्या टेम्पलमधली मिनर्व्हा टायकर्टची चित्रं पण जाणार होती, लोकांनी ओरडा केला तेव्हा शेजारी एफ्रेमला नवीन टेम्पल बांधायचं ठरवून मँटायची वाचवली. म्हणजे मनात आणलं असतं तर जमत होतं.

माझी लेक म्हणाली, बाबा त्यांच्यासाठी ते म्युझियम नाहीये, वापरातलं देऊळ आहे, सोय त्यांनी बघायची. बरोबर आहे तिचं. पण हे वाक्य मी आपल्याकडे प्रत्येक जीर्णोद्धाराच्या वेळी ऐकलंय. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासताना, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावताना, प्रत्येक वेळी हेच, भक्तांची सोय. पाया टिकवायला त्यांनी जगातली भारी इंजिनिअरिंग आणली, त्यातली चिमूटभर अक्कल त्या चित्रांच्या प्लॅस्टरसाठी वापरता आली नसती का? ज्या पायाने दोनदा दगा दिला त्याला तिसरी संधी, आणि ज्या चित्रांनी काही बिघडवलं नव्हतं त्यांना एकही नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. टेम्पलमधला एक मोठा विधी म्हणजे मेलेल्या पूर्वजांचा बाप्तिस्मा. आपण पितरांना पाणी देतो, हे पितरांच्या नावाने स्वतः पाण्यात बुडी मारतात, बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेल्या हौदात. त्यासाठी पूर्वजांची नावं लागतात, म्हणून हे लोक जगभरातल्या वंशावळी गोळा करतात. तर यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा मायक्रोफिल्म करून नेल्या आहेत! आणि त्यांच्या मायक्रोफिल्मच्या मूळ प्रती ठेवतात कुठे, तर त्याच लिटल कॉटनवुड कॅन्यनमध्ये, डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत. टेम्पलचा दगड जिथून आला त्याच दगडाच्या पोटात कुणा पंड्याने बोरूने लिहिलेली खापरपणजोबांची नावं. आमचं घराणं हरिद्वारला कधी गेलं होतं का मला माहीत नाही, आम्ही त्र्यंबकेश्वरवाले, पण तिथे त्यांच्या वंशावळींच्या लायब्ररीत हे ऐकून मी गप्पच झालो.

आत मात्र मला जाता येत नाही. सगळ्या मेंबरनाही सरसकट नाही, पास लागतो. कृष्णवर्णीय मेंबरना तर १९७८ पर्यंत हे मुख्य विधी बंदच होते. अजूनही मुलीचं लग्न आत लागलं आणि आईबाप मेंबर नसतील तर ते बाहेर बाकावर बसून राहतात. फक्त उद्घाटनाच्या आधी बाहेरच्यांना दाखवतात, तसं १८९३ मध्ये दाखवलं होतं. आता १३४ वर्षांनी परत, एप्रिल ते ऑक्टोबर २०२७, सगळ्यांसाठी खुलं. लेकीला सांगून ठेवलंय मी येतोय, गुडघे साथ देवोत न देवोत. ती म्हणते बाबा, आत जाऊन बघणार काय, चित्रं तर गेली. म्हटलं भिंती बघेन, चित्रं कुठे होती तेवढं कुणाला तरी विचारेन.