काठीनं पैलवान घडतो, हे कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात सांगलीतल्या तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. चौथ्यांदा तो आमच्याच टीममधल्या एका मुलाच्या वडिलांनी पाठवला, खाली हात जोडलेले. मजकूर असा: ‘वस्तादाच्या काठीनं पैलवान घडले. आजचे कोच पोरांना लाडावतात. शिव्या खाल्ल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही. सभ्य टीम हरते.’ मी विश्रामबागेत रोज सकाळी बारा वर्षांखालच्या पोरापोरींना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे उत्तर देणं आलं.

काठीचं आधी. काठी होती, नाही कोण म्हणतंय? पण पोराचा खुराकही वस्तादच बघायचा, आणि सलामी न देता अंगावर गेलेल्या पोराचा कानही तोच पिळायचा. मेसेजवाल्याला तेवढी काठी दिसली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. ह्यात काठी कुठाय?

लाडाचं म्हणाल तर शिस्त माझ्याकडेही आहे. उशिरा येणारं पोर सरावाचे सगळे कोन, म्हणजे खुणेचे प्लास्टिकचे शंकू, मांडतं. मी उशिरा आलो तर मी मांडतो.

आता शिव्या. परवा मिरजेच्या एका टीमशी फ्रेंडली होती. त्यांच्या कोचचा आवाज पार रस्त्यापर्यंत. त्यांचा गोलकीपर असेल अकरा वर्षांचा, ग्लोव्हज मोठे म्हणून मनगटाला रबरबँड गुंडाळलेले. पहिला गोल खाल्ल्यावर जाळीतून बॉल काढायच्या आधी त्याची मान वळली ती सरांकडे. पुढं प्रत्येक वेळी तेच. बॉल हातात आला की आधी बाजूला बघायचं, मग फेकायचा. तेवढ्या दोन सेकंदांत आमची पोरं त्यांचा एकेक माणूस धरून उभी. त्याचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मोकळा होता, हात वर करून बोलवत होता, ह्याला दिसलाच नाही. दुसरा गोल तसाच झाला. क्रिकेटमध्ये दोन बॉलांच्या मधे सांगता येतं, कबड्डीत टाइमआउट असतो. फुटबॉलमध्ये बॉल कुणाला द्यायचा ते पोरानंच, पळता पळता ठरवायचं असतं. ज्याचं निम्मं डोकं कोचच्या तोंडाकडे, तो ठरवणार काय?

मी काही जन्माचा साळसूद नाही. पहिली दोन वर्षं मीही असाच बोंबलायचो. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘सर, तुम्ही ओरडला की मला डावा पाय कुठला तेच कळत नाही.’ ते लागलं.

राहिलं ‘सभ्य टीम हरते’. एप्रिल २०१९, इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये लीड्स विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला. व्हिलाचा एक खेळाडू लागून पडलेला, बाकीचे थबकलेले, तेवढ्यात लीड्सनं गोल मारला. लीड्सचे कोच मार्सेलो बिएल्सा बाजूनं ओरडले (हो, ओरडलेच) की आता व्हिलाला गोल करू द्या. मॅच १-१ सुटली. त्या बरोबरीनं शेफील्ड युनायटेडचं वरच्या डिव्हिजनमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, जाणं पक्कं झालं आणि लीड्स त्या वर्षी खालीच राहिलं, हे मेसेजवाले सांगतील, सांगू देत. पुढच्याच सीझनला, २०२० मध्ये, त्याच कोचच्या हाताखाली लीड्स पहिलं आलं आणि १६ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये गेलं. आणि २०१८ चा वर्ल्ड कप? जपान आणि सेनेगल गुणांत, गोलांत, आपसातल्या मॅचमध्येही बरोबरीत. मग पिवळी कार्डं, म्हणजे गैरखेळाबद्दल रेफ्रीनं दिलेल्या ताकिदी, मोजली, जपानची ४, सेनेगलची ६. जपान पुढच्या फेरीत गेलं. शेवटच्या मॅचमध्ये जपाननंही नुसता बॉल टोलवत वेळ काढला, ते काही भूषणावह नव्हतं. पण दोन कार्डं महागात पडली ती पडलीच.

कार्डावरून आठवलं, २०१९ पासून रेफ्री कोचलाही पिवळं नाहीतर लाल कार्ड दाखवू शकतो.

मेसेज पाठवणाऱ्या त्या वडिलांना मी रविवारी लाईनमन केलं. हातात झेंडा दिला, ऑफसाइड समजावून सांगितला. दोन्हीकडचे पालक त्यांच्यावर तुटून पडले. हाफटाइमला घामानं डबडबून आले आणि म्हणाले, ‘सर, हा झेंडा दुसऱ्या कुणाला तरी द्या.’