मेंदू ‘१० ते २’ मध्येच धुतला जातो? त्या मेसेजबद्दल

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: रात्री १० ते २ या वेळेतच मेंदू स्वतःला धुतो, नंतर झोपून उपयोग नाही. झोपताना दोन ग्लास कोमट पाणी प्या, डाव्या कुशीवर झोपा. झोप येत नसेल तर गोळी घ्या, पण दहाला झोपाच. अल्झायमर होणार नाही.

मूळ कल्पना हवेतली नाही. मेंदूभोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेनं आत शिरतो आणि पेशींमधला टाकाऊ माल घेऊन बाहेर पडतो, हे अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या माइकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मोजलं: पेशींमधली मोकळी जागा जागेपणी सुमारे १४ टक्के, झोपेत २३ टक्के. पण २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांतच उलट, झोपेत सफाई मंदावलेली दिसली. वाद मिटलेला नाही. माणसांत २०२१ च्या नॉर्वेतल्या एमआरआय अभ्यासात एका रात्रीच्या जागरणानंतर एमआरआयसाठी शरीरात सोडलेल्या कॉन्ट्रास्ट द्रव्याचा मेंदूतून निचरा मंदावला, आणि पुढच्या रात्रीच्या झोपेनंही ती कसर भरून निघाली नाही.

आता ‘१० ते २’. या ओळीचा सगळ्यात जास्त त्रास चाकणच्या तिसऱ्या पाळीतल्या कामगाराला आणि हिंजवडीत रात्रभर अमेरिकेचे कॉल घेणाऱ्याला होतो. आपला मेंदू आता घाणच साठवणार, असं त्याला वाटू लागतं. गाढ झोप मुख्यतः तुम्ही किती तास जागे होता त्यावर ठरते आणि झोप लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जास्त येते. दहाला झोपणाऱ्याची ती १० ते २ मध्ये पडते, एवढाच या आकड्याचा अर्थ. शरीराच्या घड्याळाचा परिणाम असतोच, म्हणून दिवसाची झोप तुटक आणि कमी होते. त्यावर उपाय: पाळी संपवून घरी येताना गॉगल, खोलीत जाड पडदे, फोन सायलेंट, पाळीच्या शेवटच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी बंद, आणि एकूण सात तास जमतील असं बघायचं.

पाण्याचं गणित साफ चुकलंय. मेंदूभोवतीचा द्रव प्रौढ माणसात साधारण १५० मिली असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिली नवा तयार होतो. तो मुख्यतः मेंदूतल्याच कोरॉइड प्लेक्सस या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात बनतो. जास्त पाणी प्यायल्यानं तो वाढत नाही; जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. दोन ग्लास पिऊन झोपलात तर लघवीला उठावं लागेल आणि गाढ झोपच मोडेल.

कुशीवर झोपल्याचा फायदा दिसला तो भूल दिलेल्या प्राण्यांत. घोरणाऱ्यांना मात्र कुशीचा खरा उपयोग आहे: घशातली श्वासाची वाट मोकळी राहते. घोरताना श्वास अडत असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली श्वासाची तपासणी, करून घ्या.

अल्झायमर होणार नाही या हमीला आधार नाही. वय, जनुकं, रक्तदाब, मधुमेह हे सगळं त्या आजाराच्या धोक्यात येतं. झोप हा त्यातला एक घटक.

गोळीचा सल्ला आम्हाला सर्वांत धोकादायक वाटतो. गाढ झोपेत नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनाची पातळी लयीत वरखाली होते, रक्तवाहिन्या आकसतात-फुलतात आणि द्रव पुढे ढकलला जातो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोल्पिडेम हे झोपेचं औषध दिल्यावर उंदरांना झोप लवकर लागली, पण ही लय आणि द्रवाचा प्रवाह दोन्ही मंदावले. माणसांत तसंच होतं असं यावरून म्हणता येत नाही. पण मेंदू धुण्यासाठी गोळी घ्यायला कारणही उरत नाही. जे आधीपासून रोज घेतात त्यांनी मात्र हे वाचून ती एकदम थांबवू नये. झोप पूर्ण उडू शकते, काहींना झटकेही (फिट) येतात; मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानंच हळूहळू उतरवायची.