रोज पहाटेचा रीस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे!

रिपोर्ट बनवणारी सर्व्हिस रात्री पुन्हा मेमरी संपून कोसळली आणि पुन्हा तोच सल्ला आला: 'रोज पहाटे रीस्टार्ट लावून टाक.' अरे, पण गळती कुठून होतेय ते कोणी बघणार आहे की नाही?

ही सर्व्हिस ज्यावर चालते त्या डॉटनेटमध्ये गार्बेज कलेक्टर आहे, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा सफाईवाला, म्हणून सगळे निर्धास्त. पण ज्याला कोणीतरी धरून ठेवलंय ते तो कसं उचलणार? मी दोन हीप डंप, म्हणजे मेमरीत त्या क्षणी काय काय आहे त्याच्या नोंदी, शेजारी शेजारी लावून बघितले. कधीच्या संपलेल्या रिपोर्टांमधल्या बिलांच्या ओळी तशाच जिवंत! कारण काय, तर सर्व्हिस सुरू होताना एक स्कोप (ऑब्जेक्ट किती काळ जगणार ते ठरवणारी चौकट) उघडलाय, त्यातून डेटाबेसशी बोलणारा एकच डीबीकाँटेक्स्ट घेतलाय आणि तोच दिवसेंदिवस वापरलाय. त्याचा बदल टिपणारा चेंज ट्रॅकर वाचलेली प्रत्येक ओळ कवटाळून बसतो. तिथे सफाई आत्ताच कर असं सांगणारं 'जीसी डॉट कलेक्ट' शंभरदा लिहा, एक बाइट सुटणार नाही. दर रिपोर्टला नवा स्कोप उघडा, काम झालं की डिस्पोज करा, म्हणजे सोडून द्या. नुसतं वाचायचंच असेल तर 'ॲज नो ट्रॅकिंग' लावा, म्हणजे ट्रॅकर ओळी धरून ठेवणार नाही. चार ओळींचं काम आहे हो!

आणि ते मेमरीस्ट्रीममध्ये, म्हणजे थेट मेमरीत, अख्खी पीडीएफ भरून वर 'टू ॲरे' करून तिचा बाइटांचा ॲरे बनवणं! म्हणजे आणखी एक पूर्ण प्रत. ॲरे 85,000 बाइटला पोचला की थेट लार्ज ऑब्जेक्ट हीपवर, म्हणजे मोठ्या ऑब्जेक्टांसाठीच्या वेगळ्या मेमरीत, आणि तो हीप एरवी कॉम्पॅक्टही होत नाही, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा भरून निघत नाहीत. सरळ फाइलस्ट्रीममधून डिस्कवर लिहा ना. दर महिन्याला हेच किती वेळा सांगायचं?