‘कळसूबाई केलंय ना? मग बुग्याल होणारच!’ – जरा थांबा

सुट्ट्या जवळ आल्या की ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. बुग्याल म्हणजे हिमालयातलं उंचावरचं गवताळ कुरण, आणि हा मेसेज त्यातल्याच एकाबद्दल असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “दयारा बुग्याल म्हणजे हिमालयातला सगळ्यात सोपा ट्रेक. कळसूबाई केलंय ना? मग हा होणारच. शनिवारी सकाळी डेहराडून, संध्याकाळी रैथल, रविवारी थेट कुरणात मुक्काम, सोमवारी पहाटे माथा आणि रात्री परत डेहराडून. उंचीचा त्रास फक्त अनफिट लोकांना होतो. तरी भीती वाटली तर डायमॉक्सची गोळी आणि कापराची वडी जवळ ठेवा. गाईड म्हणजे पैसे उकळायचे धंदे. तंबू स्वतःचा न्या, हिरव्यागार कुरणात हवा तिथे ठोका. डिसेंबरात जा, गर्दी नसते.” खाली हिरव्याकंच उताराचा फोटो आणि पाच-सहा अंगठे.

पहिलं वाक्य जवळपास खरं आहे. म्हणूनच पुढचं सगळं लोकांच्या गळी उतरतं.

दयारा उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. गंगोत्रीच्या रस्त्यावर भटवाडीच्या वरच्या अंगाला रैथल आणि बार्सू ही दोन गावं आहेत, दोन्हीकडून कुरणात चढता येतं. वाट रुंद आहे, बांज-खर्सू (ओकच्या जाती) आणि बुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) रानातून जाते, कुठे दोर लावावा लागत नाही की कड्याला बिलगावं लागत नाही. रान संपतं तिथे गवताचे लांबच लांब उतार सुरू होतात आणि समोर बंदरपूंछ (6,316 मीटर) उभं राहतं. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्याला मीही डोळे झाकून हेच नाव सुचवेन. भांडण ट्रेकशी नाही, त्याच्या या तीन दिवसांच्या आवृत्तीशी आहे.

कळसूबाईपासून सुरुवात करू. आपल्या राज्यातलं ते सर्वांत उंच शिखर, उंची 1,646 मीटर. रैथल गाव साधारण 2,150 मीटरवर आहे. म्हणजे जिथे तुम्ही गाडीतून उतरून पहिला चहा घेता, तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पाचशे मीटर उंच. सह्याद्रीचा अनुभव वाया जातो असं मुळीच नाही. पाठीवर सॅक घेऊन पाच-सहा तास चालणं, उतारावर गुडघे सांभाळणं, भिजलेल्या वाटेवर पाय नीट टाकणं, हे सगळं तिथे कामाला येतं. अलंग-मदन-कुलंग केलेल्या माणसाला दयाराच्या वाटेवर अवघड म्हणावं असं काहीच सापडणार नाही. पण तुमचं शरीर विरळ हवेत कसं वागेल, या प्रश्नाचं उत्तर सह्याद्रीकडे नाही. तेवढी उंचीच त्याच्यापाशी नाही.

विरळ हवा म्हणजे काय, यावरही मेसेजवाल्यांचा गोंधळ असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही एकवीस टक्क्यांच्या आसपासच असतं, घटतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, म्हणून तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर याला सरावतं. श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्ताचं रसायन हळूहळू बदलतं. पण त्याला रात्री लागतात, आणि त्या रात्रींचीच मेसेजने काटछाट केली आहे.

आता ते ‘फक्त अनफिट लोकांना’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्याला बळी पडतात ते नेमके फिट लोक. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याची छाती आणि पाय उत्तम असतात, पण उंचीच्या त्रासापासून, म्हणजे एएमएसपासून (अॅक्यूट माउंटन सिकनेस), त्याला त्याचं संरक्षण मिळत नाही. उलट तो भराभर चढतो, सगळ्यांच्या आधी तळावर पोचतो आणि वर आणखी एक चक्कर मारून येतो. हा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर कोणालाही होऊ शकतो. कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. त्यातल्या त्यात भरवशाची खूण एकच: पूर्वी उंचीवर त्रास झाला होता का. पहिल्यांदा जाणाऱ्यापाशी तीही नसते.

दुसरी फसगत वेळेची. लक्षणं पोचल्या पोचल्या दिसत नाहीत, बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात. दुपारी दोनला तंबूपाशी फोटो काढताना सगळे ठणठणीत असतात. संध्याकाळी जेवणाच्या वेळी एखादा गप्प होतो. खिचडीच्या ताटाकडे बघत बसतो, दोन घास चिवडतो आणि म्हणतो, “भूक नाहीये रे, डोकं जरा जड झालंय. मी झोपतो, सकाळी बरं वाटेल.” मित्र म्हणतात, दमला असेल, झोपू दे. जाणता म्होरक्या अशा वेळी त्याला झोपू देत नाही. पाणी पाजतो, चार प्रश्न विचारतो: मळमळतंय का, गरगरतंय का, लघवीला कधी जाऊन आलास? मग टॉर्चच्या उजेडात त्याला सरळ रेषेत चालायला लावतो, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत, दहा-बारा पावलं. नुसतं डोकं दुखत असेल तर आहे त्याच उंचीवर थांबायचं, बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. पावलं झोकांडत असतील, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर मेंदूला सूज येण्याची किंवा फुप्फुसात पाणी भरण्याची शक्यता धरायची. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच रात्री, कोणाच्या तरी सोबतीने, खाली उतरवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर यात फार विसंबू नका. गारठलेल्या बोटावर तो काहीही आकडा दाखवतो.

आता वेळापत्रक, म्हणजे या मेसेजचं खरं दुखणं. शुक्रवारी रात्री तुम्ही मुंबईत, समुद्रसपाटीला. शनिवारी रात्री रैथलला, 2,150 मीटरवर. रविवारी रात्री कुरणात, 3,400 मीटरच्या आसपास. एका रात्रीत झोपायची उंची साडेबाराशे मीटरने वाढली. पर्वतीय वैद्यकातला साधा नियम असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायचं ते रात्री पाठ टेकता त्या जागेचं. मेसेजमधला रविवार हा नियम एका दमात मोडतो. वर शनिवारी डेहराडूनहून रैथलपर्यंतचा आठेक तासांचा वळणावळणाचा रस्ता, त्यात गाडी लागलेली, जेवण धड नाही, पाणी कमी. सोमवारी माथा करून गावात उतरेपर्यंत दुपार टळते. पुढे डेहराडून गाठायचं म्हणजे अंधारात घाट उतरायचा, आणि त्याला तिथले चालक सहसा तयार होत नाहीत. विमान तर मंगळवारी पहाटेचं काढलेलं असतं.

हाच ट्रेक नीट आखला तर खरोखर सोपा होतो. पहिली रात्र रैथलमध्ये. दुसऱ्या दिवशी रानातून गुईपर्यंत, साधारण 2,900 मीटर, मुक्काम तिथेच. तिसरा दिवस मोकळा ठेवायचा. सावकाश कुरणाच्या कडेपर्यंत जायचं, बसायचं, झोपायला पुन्हा झाडीत यायचं. चौथ्या दिवशी पहाटे निघून माथा आणि दुपारपर्यंत खाली. पाचव्या दिवशी गाव, मग परतीचा रस्ता. शिवाय एक दिवस राखीव. या राखीव दिवसाला ग्रुपवर सगळ्यात जास्त विरोध होतो, रजा संपते म्हणून. पण गंगोत्रीचा रस्ता दरड कोसळून बंद पडणं ही तिथे बातमीही नसते. 5 ऑगस्ट 2025 ला धरालीत पूर आला तेव्हा याच रस्त्यावर भटवाडीच्या पुढे वाहतूक कोलमडली होती. ऐन पावसाळ्यात बुग्याल सर्वांत हिरवे आणि फुलांनी भरलेले असतात हे खरं. तेव्हाच रस्ता सर्वांत बेभरवशाचा असतो, हेही खरं.

डायमॉक्स. उंचीच्या त्रासावरची ही गोळी विष नाही आणि जादूही नाही. मूत्रपिंडांना ती बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे श्वास वाढतो. म्हणजे शरीर जे आपणहून करणारच होतं, त्याला ती घाई करते. प्रतिबंधासाठी घ्यायची तर साधारण चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात, तीही डॉक्टरांशी बोलून. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. बोटांना मुंग्या येतात आणि गोठत्या थंडीत रात्री तीनदा तंबूची चेन उघडावी लागते, हे वेगळंच. वर आखलेल्या सावकाश वेळापत्रकात बहुतेकांना तिची गरज पडत नाही. तिचा खरा गैरवापर असा: डोकं दुखायला लागलं, गोळी घेतली, चला पुढे. ती ‘जवळ ठेवायची’ असते, या वाक्यातून लोक नेमकं हेच शिकतात.

कापराबद्दल फार लिहायला नको. वास घेतल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तिळभरही वाढत नाही. लहान मूल सोबत असेल तर ती वडी घरीच ठेवा. पोटात गेल्यास कापूर विषारी आहे, मुलांना त्याने झटके येतात.

गाईडच्या मुद्द्यावर मेसेजवाल्यांशी माझं अर्धं एकमत आहे. मोठ्या कंपनीचं पॅकेज घेतलंच पाहिजे असं नाही. चार-पाच जण मिळून रैथल किंवा बार्सूतला एखादा जाणता माणूस, गरज असेल तर खेचर आणि स्वयंपाकी, असं स्वतः जुळवता येतं. वनखात्याची परवानगी आणि शुल्काचं कामही तोच मार्गी लावतो. पण त्यालाही वगळणं हा शहाणपणा नव्हे. रानात वाट ठळक आहे. कुरणात वाटच नसते, चहूकडे सारखंच गवत. ढग उतरले की वीस पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि फोनला रेंज असेलच असं नाही. उतरायची जागा कुठली, पाणी कुठे, गुराख्यांची छानी (उन्हाळी झोपडी) कोणत्या अंगाला, हे गावातल्या माणसाला अंधारातही ठाऊक असतं. जून 2024 मध्ये त्याच जिल्ह्यातल्या सहस्रतालाच्या वाटेवर हिमवादळात 9 ट्रेकर दगावले. ती वाट दयारापेक्षा बरीच उंच आणि लांब, आणि त्या गटासोबत स्थानिक माणसं होती, त्यामुळे गाईड घेतला की निर्धास्त असंही मी म्हणणार नाही. पण तो जून होता. ‘सीझन’ म्हणजे हवामानाने दिलेली हमी नसते. म्हणून सुती कपडे नकोत, पावसाचं जाकीट सॅकच्या तळाशी नको, आणि दुपारनंतर उघड्या धारेवर रेंगाळणं नको.

“तंबू हवा तिथे ठोका” हे तर सरळ नियमबाह्य आहे. आली-बेदनी-बगजी बुग्यालांच्या संरक्षणासाठी झालेल्या याचिकेवर उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणली. तेव्हापासून मुक्काम खाली झाडांच्या हद्दीत हलले. उंचीच्या हिशेबानेही ते बरंच झालं. बंदीचं कारण समजायला तंबू उठवल्यावरची जागा बघावी. गवताची साय पातळ असते, मेख उपटताना तिच्यासोबत ढेकूळ निघतं. पाऊस येईल म्हणून तंबूभोवती कोणीतरी चर खणलेला असतो. तो चर उताराच्या दिशेने फुटतो, पुढच्या पावसात त्यातून पाणी धावतं, आणि एक-दोन हंगामांत तिथे घळ पडते. या उंचीवर वाढीचा हंगाम काही महिन्यांचाच, त्यामुळे उघडी पडलेली माती वर्षानुवर्षं उघडीच राहते. शिवाय हे कुरण बेवारस नाही. रैथलची गुरं उन्हाळ्यात तिथे चरतात, आणि ऑगस्टच्या मध्यावर भाद्रपद संक्रांतीला गावकरी वर जमून एकमेकांना लोणी-ताक फासत अंढूडी साजरी करतात.

राहता राहिला डिसेंबर. फोटोतला हिरवा रंग तेव्हा नसतो. ऑक्टोबरात गवत पिवळं-तपकिरी होतं, आणि डिसेंबरात बर्फ पडला तर सगळं पांढरं, नाही पडला तर वाळकं. हिवाळी दयारा सुंदर असतो, पण तो वेगळाच ट्रेक आहे. मायक्रोस्पाइक (बुटाखाली लावायचे दाते), गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पायांवरचं आवरण), शून्याखाली चालणारी स्लीपिंग बॅग आणि बर्फावरून परतणाऱ्या उन्हासाठी चांगला गॉगल लागतो, आणि अंधार लवकर पडतो. हिरवळ हवी असेल तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा. लखलखीत शिखरं हवी असतील तर पावसानंतर, ऑक्टोबरात.

आणि रजा खरोखरच तीन दिवसांची असेल तर? रैथल किंवा बार्सूत दोन रात्री राहा, मधल्या दिवशी रानातून जमेल तेवढं वर जा, दुपारचे बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा. बार्सूच्या बाजूला बरनाला ताल लागतो, तिथपर्यंतच गेलात तरी दिवस सत्कारणी लागतो. माथा राहील. पुढच्या वर्षी आठवड्याची रजा टाका.