सही केली म्हणून कामगार कंत्राटदार होत नाही

‘कामगार निरीक्षकांच्या धाडी बंद करा. माणसाने स्वतः फ्रीलान्सर म्हणून सही केलीय, दोघं राजी आहेत, सरकारचा काय संबंध? अशाने आहे ते कामही जाईल आणि हप्ते तेवढे वाढतील.’ या अर्थाचा मजकूर जोरात फिरतोय. तो मला मुळातच चुकीचा वाटतो.

सहीचं आधी बघू. माणूस कामगार आहे की नाही, हे काम प्रत्यक्षात कसं चालतं त्यावरून ठरवावं, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ ची शिफारस क्रमांक १९८ सांगते. म्हणून जाणता निरीक्षक करारावर थांबत नाही, भिंतीवरचं शिफ्टचं वेळापत्रक वाचतो. तिथे या ‘कंत्राटदारा’चं नाव सोमवार ते शनिवार, सकाळच्या रकान्यात. मग बिलं मागवतो. बारा महिन्यांची बारा बिलं, रक्कम तीच, गिऱ्हाईक एकच, आणि बिलाचा नमुनाही कंपनीनेच दिलेला. रजेसाठी वर अर्ज करायचा! याला स्वतःचा धंदा कसं म्हणायचं? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांबाबत हेच तपासलं: भाडं कोण ठरवतं, अटी कोण घालतं. करारातल्या शब्दांवर न जाता त्यांचे कामगार म्हणून हक्क मान्य केले.

दोघं राजी? सही नाकारली तर काम मिळणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या राजीखुशीला मी फार किंमत देत नाही. आणि बिननोंदीच्या कामगाराचा मशीनमध्ये हात सापडला की मालक सांगतो, ‘हा आजच सकाळी रुजू झाला, नोंद व्हायची होती.’ ही पळवाट बंद व्हावी म्हणूनच बेल्जियममध्ये काम सुरू होण्याआधी ऑनलाइन नोंद सक्तीची आहे.

काम जाईल म्हणता, तर काही ठिकाणी जाईलही. पण सामाजिक सुरक्षेची वर्गणी नीट भरणाऱ्या मालकाचा दर चढा पडतो, टेंडर बिननोंदीची माणसं राबवणाऱ्याला मिळतं. तिथे गेलेल्या नोकऱ्यांबद्दल कुणी मेसेज पुढे पाठवत नाही.

हप्ते घेणारे निरीक्षक असतात, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. त्यासाठी तपासणीच कशाला बंद करायची? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४७ चा करार क्रमांक ८१ निरीक्षकाला आगाऊ न कळवता आत जाण्याचा अधिकार देतो. कळवून गेलं तर माणसं मागच्या दाराने बाहेर काढली जातात. त्याच करारानुसार निरीक्षकाला तपासणीच्या जागी कसलाही हितसंबंध ठेवता येत नाही. तक्रार कुणी केली हे तर सांगायचं नाहीच, तक्रारीवरून आलो हेही सांगायचं नाही. म्हणून तो एकाची नाही, सगळ्यांची हजेरी मागतो.